मागून डोलणारी जुनी गाडी: चिमटा, बुश आणि शॉकअप दुरुस्तीची पद्धत

बायपासवर शेजारून ट्रक गेला की गाडीची मागची बाजू झुलते, वळणावर मागचे चाक आपल्या मनाने जरासे बाहेर सरकते, खड्ड्यातून निघाल्यावर 'खट्' असा एकच आवाज येतो. अशी तक्रार असली की पहिला खर्च बहुतेकदा शॉकअपच्या नव्या जोडीवर होतो. जोडी बसते, गाडी वरखाली बरी चालते, पण झुलणे जात नाही. कारण साधे आहे. शॉकअप (इंदूरच्या गॅरेजांत त्याला शॉकर म्हणतात) चाकाची फक्त वरखाली हालचाल सांभाळतो. चाकाला आडवे हलू न देणे हे स्विंगआर्मचे, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत चिमट्याचे, आणि तो ज्या स्पिंडलवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, फिरतो त्याभोवतीच्या बुशांचे (आत बसवलेल्या छोट्या नळ्यांचे) काम आहे. म्हणून काम स्पिंडलपासून सुरू करायचे आणि मागे चाकाकडे यायचे. शॉकअप शेवटी.

पुढचे सगळे दोन शॉकअप आणि चिमटा असलेल्या गाड्यांसाठी आहे: १९४९ नंतरची बुलेट, १९५४ च्या ३५३ मॉडेलपासूनची जावा आणि १९६१ पासून म्हैसूरला बनलेल्या तिच्या बहिणी, १९७३ ते १९९६ ची येझदी, राजदूत १७५. त्याआधीच्या प्लंजर गाड्यांविषयी (चिमट्याऐवजी मागचे एक्सल उभ्या नळ्यांवर वरखाली सरकते त्या) खाली थोडे आहे.

दोष नेमका कुठे आहे

गाडी मुख्य स्टँडवर घ्या, मागचे चाक अधांतरी हवे. एका हाताने फ्रेम धरा, दुसऱ्या हाताने चिमट्याचे टोक एक्सलजवळ धरून डावी-उजवीकडे जोराने ढकला. चिमटा फ्रेमच्या तुलनेत हलला तर दोष बुशांत. चिमटा स्थिर आहे, पण रिम धरून हलवल्यावर चाक चिमट्याच्या आत हलते, तर दोष चाकाच्या बेअरिंगांत. दोन्ही स्थिर असून रिम एकाच जागी लचकते, तर आरे ढिले. चौथी जागा लोक विसरतात: शॉकअपच्या डोळ्यांतली रबरे. ती झिजली की वर सांगितलेला 'खट्' येतो, आणि त्याचा दोष उगाच चिमट्याला लागतो. रबरे स्वस्त आहेत, आधी तीच बदलून बघा.

बुशातली थोडीशी झीज चाकापाशी किती मोठी होते, ते एकदा हिशेबाने पाहिलेले बरे. समजा दोन बुशांमधले अंतर १८० मिमी, स्पिंडलपासून एक्सलपर्यंत ४५० मिमी आणि बुशांत अर्धा मिमी ढिलाई. एक बुश एका बाजूला आणि दुसरा विरुद्ध बाजूला टेकला, मग दोन्ही उलटे टेकले, की एक्सलपाशी एकूण अडीच मिमी आणि टायरच्या मागच्या कडेला चार मिमीच्या वर हालचाल होते. आपल्या गाडीची मापे घालून गणित करा: ढिलाईची दुप्पट, भागिले बुशांमधले अंतर, गुणिले स्पिंडलपासूनचे अंतर. 'अर्ध्या मिमीने काय होते, चल जाएगा' असे कोणी म्हणाले तर हाच हिशेब पुढे करा.

खोलताना

गाडीच्या फ्रेमखाली लाकडी ठोकळा देऊन मागचा भार पक्का उचला. निव्वळ स्टँडवर विसंबू नका, कारण अडकलेला स्पिंडल ठोकताना जुन्या स्टँडची पिन दगा देते. चेन, ब्रेक रॉड, ब्रेक ड्रमला बांधणारी अँकर पट्टी, चाक, मग शॉकअप, या क्रमाने काढा. स्पिंडलच्या दोन्ही टोकांना कोणता वायसर (वॉशर), किती शिम (पातळ चकत्या), कोणत्या क्रमाने होते याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि ते सगळे त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. बाजूची ढिलाई ह्याच चकत्यांवर ठरलेली असते.

वर्षानुवर्षे ग्रीस न मिळालेला स्पिंडल गंजून बसतो, जावाची पिन तर विशेष हट्टी. गंज सोडवणारे तेल दोन्ही टोकांना आदल्या रात्री घाला. सकाळी चिमटा वरखाली हलवत पुन्हा घाला. ठोकायचे असेल तर आट्यांवर जुना नट शेवटच्या आट्यापर्यंत चढवून, पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या दांड्याने ठोका. लोखंडी हातोडा थेट टोकावर बसला की टोक पसरते, आणि पसरलेले टोक बाहेर येताना बुशाबरोबर घरही (बुश ज्यात बसतो ते भोक) खरवडते. तरीही न हलल्यास बुशाच्या घराला हीट गनने उष्णता द्या. गॅसची लाल ज्योत शेवटचा उपाय, आणि तोही जोड नसलेल्या जागी. जुन्या फ्रेमचे बरेच सांधे पितळाने जोडलेले असतात.

स्पिंडल निघाला की पुसून मायक्रोमीटरने मोजा. प्रत्येक बुशाच्या जागी दोन मापे घ्या: एक वरखाली, एक पुढेमागे. बुश चिमट्यात बसणाऱ्या गाडीत चाक चिमट्याला सतत पुढे रेटत असते, चेनची ओढही तिकडेच. म्हणून स्पिंडल मागच्या बाजूने आणि बुश आतून मागच्या भिंतीला जास्त झिजतात. गोल दिसणारा भाग प्रत्यक्षात अंडाकृती असतो, हे व्हर्नियर लपवतो, मायक्रोमीटर नाही. दोन मापांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर त्या स्पिंडलवर नवा बुश घालणे म्हणजे नव्या जोड्यात जुना खिळा ठेवणे.

चिमटा सरळ आहे का

बुशाआधी हे बघा. वाकड्या चिमट्यात उत्तम बुश घालून काही मिळत नाही. जुन्या बुशांतच स्पिंडल सरकवा, मागच्या खाचांत एक्सलच्या मापाचा सरळ दांडा अडकवा आणि चिमटा जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठोकळ्यांवर ठेवा. स्पिंडलची दोन्ही टोके काचेपासून सारख्या उंचीवर आणा, मग मागच्या दांड्याची टोके मोजा. २०० मिमी रुंदीत अर्ध्या मिमीपर्यंतचा फरक चालतो. एक मिमीच्या पुढे गेला तर चिमटा पिळलेला आहे. त्याचबरोबर स्पिंडलपासून मागच्या दांड्याचे अंतर डावीकडे आणि उजवीकडे सारखे आहे का तेही बघा. थोडा पीळ थंडच, लांब पाइपाच्या लीव्हरने, दर वेळी मोजत काढता येतो. तापवून सरळ केलेला चिमटा पुन्हा वाकतो.

तडे शोधण्याची जुनी रीत अजून चालते. शॉकअपच्या बोल्टाजवळची वेल्ड, आडव्या नळीचे कोपरे आणि एक्सलच्या खाचांची मुळे ही तीन ठिकाणे घासून रंग काढा, डिझेल लावा, पंधरा मिनिटांनी कोरडे पुसून खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. नळीतला तडा टोकाला २ ते ३ मिमीचे भोक पाडून, खोबण करून वेल्ड होतो. लग (नळ्या किंवा बोल्ट धरणारा कान) ओतीव असेल तर साध्या रॉडने वेल्ड करू नका. वेल्डशेजारी पुन्हा चिरतो. तिथे पितळी जोडच.

बुश: इथे घाई नको

दोन प्रकार भेटतात. धातूचा बुश स्पिंडलवर घसरतो आणि त्याला ग्रीस लागते. सायलेंट ब्लॉक म्हणजे दोन लोखंडी नळ्यांमध्ये चिकटवलेले रबर. त्यात घसरणे नसतेच: आतली नळी फ्रेमला आवळलेली राहते आणि रबर पिळले जाते. सायलेंट ब्लॉकला ग्रीस दिल्याने रबर फुगते. तो जाळून काढण्याची पद्धत सगळीकडे दिसते. धूर विषारी असतो आणि घर वेडेवाकडे तापते. त्यापेक्षा आतली नळी आणि रबर ड्रिलने सोडवा, बाहेरच्या नळीला हॅकसॉच्या पात्याने एक उभी चीर द्या, ती आत कोसळते आणि हाताने निघते. चीर घराला लागू देऊ नका.

धातूच्या बुशासाठी गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ घ्या. बाजारात गनमेटल सांगून पितळ देतात. कानशीने घासून बघा: पितळ पिवळे चमकते, गनमेटल लालसर तांबूस दिसते. पितळी बुश पहिल्या उन्हाळ्यात उत्तम वाटतो आणि मग भराभर झिजतो. इंदूरच्या पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडकडच्या लेथवाल्याकडे जाताना जुना बुश नमुना म्हणून नेऊ नका. तो झिजलेला आहे, त्याच्या मापावर केलेला नवा बुशही झिजलेल्या मापाचाच होणार. चिमटा आणि स्पिंडल, दोन्ही न्या. चिठ्ठीवर तीन आकडे लिहून द्या:

बाहेरचा व्यास घराच्या मोजलेल्या व्यासापेक्षा ०.०३ ते ०.०५ मिमी जास्त. आतला व्यास स्पिंडलपेक्षा ०.१० ते ०.१५ मिमी कमी, म्हणजे रीमरला (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराला) माल राहील. लांबी घराइतकी, आणि बाहेरच्या कडेला एक मिमीचा उतार, म्हणजे बसवताना कड खरवडणार नाही.

आतले भोक लेथवरच शेवटच्या मापाला करून घेतले तर बुश दाबून बसवल्यावर ते आकसते. बाहेर जितका ताण दिला (म्हणजे बुश घरापेक्षा जितका जाड ठेवला) त्याचा बराचसा भाग आतून कमी होतो. मग स्पिंडल जात नाही, कोणीतरी ठोकून घालतो आणि आठवड्याभरात बुश घरात फिरू लागतो. म्हणून लेथवाल्याला स्पष्ट सांगा: "भैया, बुश पहले बैठेगा, रीमर बाद में।"

ग्रीसची खोबण आठच्या आकड्याची हवी, टोकापासून ४ मिमी आधी संपणारी. आरपार गेलेली खोबण ग्रीस बाहेर टाकते आणि पाणी आत घेते. ग्रीस निप्पलचे भोक खोबणीवर यायला पाहिजे, तेव्हा बसवण्याआधी मार्करने रेघ मारून ठेवा. खोबण मागच्या भिंतीवर, जिथे भार आहे, तिथे कमीत कमी येईल अशी फिरवा.

बसवताना हातोडा नाही. सियागंज बाजारातून १२ मिमीचा, फूटभर लांब थ्रेडेड रॉड, दोन नट आणि चार जाड वायसर आणा. एका टोकाला बुशाच्या बाहेरच्या व्यासाचा वायसर, दुसऱ्या टोकाला बुश आरपार जाईल इतका मोठा सॉकेट, आणि मधून रॉड. पाना फिरवला की बुश सरळ ओढला जातो. त्याआधी बुश तीन-चार तास डीप फ्रीजरमध्ये आणि चिमट्याचे घर हीट गनने शंभर अंशांच्या आसपास. ३० मिमीचा बुश साधारण ०.०२५ मिमी आकसतो, घर तितकेच फुगते. दोन्ही मिळून ताण जवळजवळ नाहीसा होतो आणि बुश नटाच्या पहिल्या फेऱ्यांत जातो. हात मात्र चालवायला हवा, दोन मिनिटांत संधी संपते. घरातली स्वयंपाकाची भांडी फ्रीजरमधून बाहेर निघणार असतील तर आधी विचारून घ्या.

रीमर दोन्ही बुशांतून एका रेषेत जाणारा, पुढे पायलट (दिशा धरणारा गुळगुळीत दांडा) असलेला, लांब हवा. एकेक बुश वेगळा रीम केला तर दोन भोके वेगवेगळ्या दिशांना बघतात. स्पिंडल दोन्हीकडून वेगळा नीट जातो, आरपार मात्र अडकतो. अॅडजस्टेबल रीमर दर वेळी थोडा उघडा, एकाच दिशेने फिरवा, बाहेर काढतानाही उलटा फिरवू नका. उलट फिरवल्याने धार मोडते आणि भोकात रेघा पडतात. २० मिमीच्या आसपासच्या स्पिंडलला ०.०२ ते ०.०६ मिमी मोकळीक पुरते. हाताला हे असे कळते: तेल लावलेला स्पिंडल अंगठ्याने ढकलल्यावर जातो, स्वतःच्या वजनाने पडत नाही.

नवा स्पिंडल करायचा तर बाजारातला बिनकडक ब्राइट बार नको. पोलादाच्या प्रतींत ईएन-८ च्या खाली जाऊ नका, ईएन-२४ मिळाल्यास उत्तम. पृष्ठभाग कडक करून मग ग्राइंड केलेला हवा. मऊ स्पिंडलवर काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ती पॉलिश पेपरसारखी घासते.

शेवटी बाजूची ढिलाई. चिमटा शॉकअपशिवाय बसवा, नट आवळा. वर उचलून सोडला की तो सावकाश खाली यायला हवा. धाडकन पडला तर ढिला, तरंगला तर आवळलेला. आडवी ढिलाई फिलर गेजने ०.१ ते ०.२ मिमी ठेवा. कमी-जास्त झाल्यास ०.१ मिमीच्या पितळी शिमने साधा. सायलेंट ब्लॉक असेल तर नियम वेगळा: मधला नट चाके जमिनीवर, गाडीवर चालकाएवढा भार ठेवूनच आवळा. चिमटा लोंबकळत असताना आवळलेले रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि वर्षभरात फाटते. नवी रबरे 'खराब निघाली' अशा तक्रारीमागे बरेचदा हेच असते.

शॉकअप उघडायचा की नाही

तळाला किंवा डोक्याला चाव्यांसाठी खाचा असलेले नट दिसत असतील तर तो उघडतो. सगळीकडून दाबून बंद केलेला असेल तर उघडत नाही, आणि गॅसचा असेल तर उघडू नयेच. आत नायट्रोजन दाबाखाली असतो.

आधी स्प्रिंग काढावी लागते. दोन लोखंडी पट्ट्या आणि दोन थ्रेडेड रॉड यांचे साधे दाबयंत्र बनवा, नट आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा फिरवा. वरच्या टोपीखालची अर्धचंद्राकृती दोन कुलपे मोकळी झाली की निघतात. तोंड आणि छाती दांड्याच्या रेषेत कधीही आणू नका. पायाने दाबून, दुसऱ्याला 'निकाल, निकाल' म्हणत काढण्याचा प्रकार दिसतो. तो करू नये.

स्प्रिंग निघाल्यावर नुसता दांडा हाताने दाबा आणि ओढा. चांगल्या डॅम्परमध्ये (शॉकअपच्या तेलाच्या नळीत) ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागतो आणि पूर्ण फेरीत तो सारखा असतो. मधेच पोकळ लागले तर तेल कमी किंवा हवा. दांडा बाजूला हलला तर वरचा गाइड झिजला आहे, आणि तो न बदलता घातलेले सील महिन्याभरात गळते. नखाला लागेल असा खड्डा दांड्यावर असल्यास सील टिकत नाही. दांडा घासून पुन्हा हार्ड क्रोम आणि ग्राइंड करून घ्यावा लागतो. दुकानातले चकचकीत शोभेचे क्रोम ह्या कामाचे नाही.

सील मागताना गाडीचे नाव सांगू नका, मापे सांगा: दांड्याचा व्यास, घराचा व्यास, जाडी. नायट्राइल रबराचे सील घ्या. बारीक गोल स्प्रिंग असलेली ओठाची बाजू तेलाकडे हवी. दांड्याच्या आट्यांवर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळून मगच सील सरकवा, नाहीतर आटे ओठ कापतात.

तेलाचा आकडा गाडीच्या पुस्तकात असेल तर तोच घ्या. नसेल तर हवेच्या जागेचा हिशेब करा. दांडा आत जाताना स्वतःची जागा घेतो. १० मिमी जाडीचा दांडा ७० मिमी आत गेला तर साडेपाच मिली. ही जागा हवेने द्यायची असते. शॉकअप व्हाइसमध्ये उभा धरा, तेल घालत दांडा दहा-बारा वेळा सावकाश वरखाली करा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग दांडा पूर्ण खाली दाबून सीलचे डोके बसते त्या पातळीपर्यंत तेल भरा आणि सिरिंजने १० मिली परत काढा. दोन्ही शॉकअपांत तंतोतंत सारखे. ही जागा न सोडता भरलेला शॉकअप मोठ्या खड्ड्यात कुलूप लागल्यासारखा अडतो आणि सील बाहेर फेकतो. तेल एसएई २० च्या फोर्क ऑइलपासून सुरू करा; ते नसेल तर ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल जवळचे आहे. मे महिन्याच्या उन्हात ते पातळ पडते आणि गाडी उसळते असे वाटल्यास एसएई ३०. ब्रेकचे तेल चुकूनही नको, त्याने नायट्राइल सील फुगते.

स्प्रिंग आणि बाकीचे बदल

दोन स्प्रिंगांच्या मोकळ्या लांबीत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जोडीच बदला. कडक स्प्रिंग करून घेण्याआधी तारेच्या जाडीचा परिणाम समजून घ्या. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने आणि चालू वेटोळ्यांच्या संख्येने कमी होतो. ७ मिमी तार, ४५ मिमी मध्यव्यास, १४ चालू वेटोळी, म्हणजे साधारण प्रति मिमी १.९ किलो. तीच स्प्रिंग साडेसात मिमी तारेची केली तर अडीच किलो, जवळपास ३२ टक्के जास्त. फक्त अर्ध्या मिमीत! म्हणून 'थोडी जाड तार घाला' एवढे सांगून येऊ नका. वेटोळी कापून कडक करणे तर वाईटच: लांबी जाते, टोक सपाट राहत नाही आणि स्प्रिंग तिरकी उभी राहते. स्प्रिंगला क्रोम करणेही टाळा. मुलाम्याच्या वेळी पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि नंतर भट्टीत न भाजलेली स्प्रिंग एक दिवस वाजून तुटते. काळा रंग किंवा पावडर कोटिंग पुरेसे.

बदल खरेच लागतो का ते बसणीवरून (चालक बसल्यावर गाडी मागे किती खाली येते त्यावरून) ठरवा. गाडी उचलून चाक लोंबते ठेवा, एक्सलपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत मोजा. मग चालकाला बसवून पुन्हा मोजा. ७० मिमी प्रवासाच्या गाडीत २० ते २५ मिमी बसायला हवी. ३० च्या पुढे गेली तर आधी स्प्रिंग दाबणारी खालची दातेरी कडी एक पायरी चढवा, दोन्हीकडे सारखी. ती शेवटच्या पायरीवरही पुरत नसेल तरच स्प्रिंग.

लांब शॉकअप हा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात कमी विचार केलेला बदल. २० मिमी लांब शॉकअप १३७० मिमी चाकअंतराच्या बुलेटला साधारण ०.८ अंश पुढे झुकवतो. हँडल हलके, म्हणून सुरुवातीला मजा येते, पण वेगात ते चंचल होते. मागून चेन चिमट्याला घासू लागते, मुख्य स्टँडवर मागचे चाक टेकते, आणि साइड स्टँडवर गाडी जास्त आडवी होते. पाच-सात मिमीपर्यंत ठीक.

बुशाऐवजी नीडल बेअरिंग घालणेही कौतुकाने सांगितले जाते. चिमटा पूर्ण प्रवासात जेमतेम नऊ अंश फिरतो. सुया त्याच जागी पुढेमागे होत राहतात, ग्रीस बाजूला सरते आणि मऊ स्पिंडलवर खड्ड्यांच्या रांगा उमटतात. कडक, ग्राइंड केलेला स्पिंडल आणि चांगले धूळसील नसेल तर गनमेटल जास्त टिकते.

फ्रेमला मात्र हात लावू नका. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ मापदंडाविरुद्ध बदल करू देत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळवायचा असल्यास ती मूळ रूपात असावी लागते. चेसिस कापलेली गाडी त्यात बसत नाही. बुश, सील, तेल, स्प्रिंग ही दुरुस्ती. शॉकअपचे कान सरकवून वेल्ड करणे हा बदल. प्लंजर गाडीला दुसऱ्या गाडीचा चिमटा जोडणारे कारागीर आहेत, पण त्याने गाडीची किंमतही जाते. प्लंजरचे काम मुळात साधे असते: सरकणाऱ्या नळ्यांचे बुश तपासा, घट्ट ग्रीस भरा, रबरी टोप्या बदला. ट्रायम्फचा स्प्रंग हब (चाकाच्या मध्यातच स्प्रिंगा असलेला) असेल तर तो घरी उघडू नका. आतल्या स्प्रिंगा फार दाबाखाली असतात आणि त्याचे हत्यार वेगळे असते.

जोडणी आणि चाचणी

चेनची ढिलाई गाडी उभी असताना नाही, तर एक्सल, स्पिंडल आणि पुढच्या दातेरी चक्राचा मध्य एका रेषेत असताना बघा. तिथे चेन सगळ्यात ताणलेली असते. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून चाक हाताने उचला, त्या जागी मधोमध किमान १० मिमी खेळ हवा.

मग गवंडी वापरतात तो दोरा. मागच्या टायरच्या मागे बांधा, दोन्ही टोके जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंचीवरून पुढे आणा, मागच्या टायरच्या पुढच्या कडांना हलकेच टेकवा. पुढे ३.२५ आणि मागे ३.५० टायर असेल तर पुढच्या टायरला दोन्हीकडे साधारण ३ मिमी सारखी फट दिसेल. एकीकडे कमी असेल तर मागचा अॅडजस्टर फिरवा. चिमट्यावरच्या खुणा सारख्या असून दोरा तिरका येत असेल तर खुणांवर नव्हे, दोऱ्यावर विश्वास ठेवा आणि चिमटा पुन्हा काचेवर न्या.

सीटवर जोराने दाबून सोडा: गाडी वर यावी आणि एका हलक्या झोक्यात थांबावी. दोन-तीन वेळा डोलली तर तेल पातळ, वर यायला रेंगाळली तर जाड. मग खंडवा रोडने सिमरोलपर्यंत एकट्याने, हळू. भेरूघाटाची वळणे पहिल्या दिवशी नकोत. दोनशे किलोमीटरनंतर स्पिंडलचा नट, शॉकअपचे चारही बोल्ट आणि अँकर पट्टीचा बोल्ट पुन्हा आवळा, दांड्यांवर तेलाची ओल आहे का ते पांढऱ्या कपड्याने बघा. धातूच्या बुशांना दर दीड हजार किलोमीटरला आणि पावसाळ्यात प्रत्येक चिखलवाटेनंतर निप्पलमधून ग्रीस द्या, जुनी काळी ग्रीस बाहेर पडून नवी दिसेपर्यंत. वॉशिंग सेंटरवर धुवायला दिली असेल तर त्याच दिवशी, कारण दाबाचा पाणझोत स्पिंडलच्या टोकातून थेट आत शिरतो.

शॉकअपमधून निघालेले तेल बाटलीत भरून ठेवा आणि गॅरेजमधल्या जळक्या तेलाच्या पिंपात द्या. नालीत ओतले तर शेजारी लगेच ओरडतील. इंदूर हे २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेले शहर आहे.